फोटोत अडकलेली बातमी

जुलै महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात संध्याकाळपासून पाऊस धरला, की रात्री घराघरांत एकच प्रश्न असतो: उद्या शाळेला सुट्टी आहे का? थोड्या वेळाने मोबाईलवर उत्तर येतं. सहीशिक्क्याच्या पत्राचा फोटो. तोच व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरतो आणि तोच बातम्यांच्या संकेतस्थळांवरही चढतो. वर मथळा 'सुट्टीबाबत मोठी बातमी' आणि खाली ते छायाचित्र. सुट्टी कोणत्या तालुक्यांना, फक्त शाळांना की महाविद्यालयांनाही, अंगणवाड्यांचं काय, हे सगळं त्या छायाचित्रातच असतं.

डोळस वाचक दोन बोटांनी पत्र मोठं करतो आणि वाचतो. दृष्टिहीन वाचक फोन कानाने वाचतो. त्याच्या फोनमधलं स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर त्याला बोलून दाखवतं. ते मथळा नीट वाचतं, मग पत्रापाशी येतं आणि म्हणतं, "इमेज, आयएमजी, दोन शून्य दोन चार शून्य सात एक नऊ, डब्ल्यूए शून्य शून्य एक दोन." व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोला आपोआप मिळालेलं हे नाव. सुट्टी आहे की नाही ते त्याला आता शेजाऱ्याला विचारावं लागतं.

हल्लीचे फोन फोटोतली अक्षरंही ओळखतात, असं यावर कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण पत्र तिरपं काढलेलं असलं, मजकुरावर शिक्का उमटला असला, किंवा पाच ग्रुप फिरून फोटो धुरकट झाला असला, तर यंत्र अडखळतं, आणि नेमकं तारखेत किंवा गावाच्या नावात अडखळतं. शिवाय फोटोतून अक्षरं काढण्याची खटपट वाचकाने का करावी? तीच माहिती चार ओळींत टंकायला बातमीदाराला दोन मिनिटं पुरतात.

बातम्यांची संकेतस्थळं दिव्यांग वाचकांना वापरता येतील अशी करायची म्हणजे काय, याचं निम्मं उत्तर या दोन मिनिटांत आहे. हा विषय निघाला की तो संगणकवाल्यांचा आणि मोठ्या खर्चाचा आहे, असं समजून बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात मराठी बातमीच्या वाटेतले बरेचसे अडथळे संपादकीय टेबलावर तयार होतात आणि तिथेच दूर करता येतात. तंत्रज्ञाचं कामही आहेच, पण ते त्यानंतर.

हे वाचक किती आहेत? २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद झाली. त्या जनगणनेतले प्रकार मोजके होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. रत्नागिरीत त्यात आणखी एक वर्ग धरायला हवा. कमावती माणसं मुंबईला आणि घरी म्हातारे आईवडील, हे इथल्या कित्येक वाड्यांचं चित्र आहे. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया असल्याचं याच जनगणनेत दिसलं, त्यामागेही हे स्थलांतरच आहे. मोतीबिंदू झालेली आजी किंवा हात थरथरणारे आजोबा स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाहीत, पण फिकट राखाडी रंगातली बारीक अक्षरं आणि बोटाखाली न सापडणारी जाहिरातीची फुली त्यांनाही तितकीच अडवते.

एकच मजकूर वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळ्या रूपात देणं मराठी पत्रकारितेला नवं नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. हे गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ साली जिल्ह्याचं विभाजन होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. 'दर्पण'च्या पानावर एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. पहिल्या मराठी वृत्तपत्राने पहिल्या दिवसापासून दोन प्रकारचे वाचक गृहीत धरले होते.

डोळ्यांनी न वाचणाऱ्या मराठी वाचकासाठी वृत्तपत्र निघायला मात्र २००८ साल उजाडलं. पत्रकार आणि नाट्यकर्मी स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल लिपीतलं मराठी पाक्षिक मुंबईतून सुरू केलं. थोरात स्वतः डोळस. दृष्टिहीन कलावंतांना घेऊन नाटकं बसवताना या मंडळींची वाचनाची भूक त्यांनी जवळून पाहिली होती. भारतातलं हे पहिलं ब्रेल वृत्तपत्र मानलं जातं. पुढे २०१२मध्ये 'रिलायन्स दृष्टी' हे हिंदी ब्रेल वृत्तपत्र निघालं, त्याचं संपादनही थोरातांकडेच आलं.

ब्रेलची छपाई जाड कागदावर उठावाच्या ठिपक्यांनी होते. साध्या छपाईच्या एका पानाची ब्रेलमध्ये अनेक पानं होतात. अंधांसाठीचं साहित्य टपाल खातं विनाशुल्क पोचवतं, म्हणून असं नियतकालिक खेड्यापाड्यांतल्या वाचकाच्या हाती पडू शकतं. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती ही दृष्टिहीन मुलांची निवासी शाळा आहे. अशा शाळांमध्ये ब्रेलला पर्याय नाही. शब्द कसा लिहिला जातो, ऱ्हस्व-दीर्घ कुठे आहे, हे बोटांनीच कळतं, ऐकून कळत नाही. पण पाक्षिक पंधरा दिवसांनी येतं. कोकण रेल्वेची कुठली गाडी आज रद्द झाली, वाशिष्ठी नदीचं पाणी कुठवर आलं, कोणता घाट बंद आहे, ही बातमी तासाभरात शिळी होते. आणि उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही. त्यांच्यासाठी आवाज हाच रस्ता आहे.

वेल्समधल्या एबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात १९७० साली काही स्वयंसेवकांनी स्थानिक बातम्या टेपवर वाचून दृष्टिहीन शेजाऱ्यांना पाठवायला सुरुवात केली, आणि ब्रिटनभर गावोगावी अशी 'बोलती वृत्तपत्रं' निघाली. आज टेप लागत नाही, पोस्टमन लागत नाही. बातमी जर खऱ्या अक्षरांत लिहिलेली असेल, तर ती प्रत्येक फोनवर आपोआप बोलते.

संगणकावर हे सर्वांना शक्य झालं त्यात मायकल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाचा मोठा वाटा आहे. विंडोजवर चालणारे चांगले स्क्रीन रीडर तेव्हा भारी किमतीचे होते. डोळस माणसाला पडदा फुकट दिसतो, मग आपल्याला तो ऐकण्यासाठी एवढे पैसे का पडावेत, या भावनेतून त्याने २००६मध्ये एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. आज जगभर तो वापरला जातो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. म्हणजे वाचकाच्या बाजूची तयारी झालेली आहे.

सरावलेला वाचक स्क्रीन रीडरचा आवाज इतक्या वेगाने चालवतो, की बाजूला बसलेल्याला शब्दही कळत नाही. तरीही संकेतस्थळाचं पहिलं पान वरपासून खालपर्यंत ऐकणं कुणाला परवडणारं नाही, कारण त्यावर शंभरावर दुवे असतात. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, दृष्टिहीन वाचक उड्या मारतो. एनव्हीडीएमध्ये एच हे अक्षर दाबलं की पुढचा मथळा, पुन्हा दाबलं की त्याच्या पुढचा. पण यासाठी मथळा 'मथळा' म्हणून नोंदवलेला असावा लागतो. बरेच जण अक्षरं नुसती ठळक आणि मोठी करून मोकळे होतात. डोळ्याला तो मथळा दिसतो, यंत्राला मात्र तो साध्या परिच्छेदासारखाच, आणि मग एच दाबून काहीच सापडत नाही. पानावरच्या दुव्यांची यादी काढायचीही सोय असते. मराठी संकेतस्थळावर ती यादी ऐकली, तर बहुधा असं काही कानावर पडतं: "अधिक वाचा. अधिक वाचा. अधिक वाचा. येथे क्लिक करा. अधिक वाचा." त्या जागी 'मिऱ्या-नागपूर महामार्गाचं काम कुठवर' एवढे शब्द असते, तर वाचकाला कुठे जायचं ते कळलं असतं.

आता खास मराठी दुखण्याकडे येऊ. ते जुन्या फॉन्टचं आहे आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी युनिकोड पद्धत रुजण्याआधी देवनागरी अक्षरं संगणकावर एका युक्तीने दाखवली जात. फाइलमध्ये साठवलेली असत इंग्रजी अक्षरं, आणि वर देवनागरी आकारांचा फॉन्ट चढवलेला असे. कृतीदेव हा अशा फॉन्टपैकी सर्वांच्या ओळखीचा. त्यात 'रत्नागिरी' हा शब्द प्रत्यक्षात कसा साठवला जातो पाहा: जे, मोठा आर, यू, के, एफ, एक्स, जे, एच. कागदावर छापल्यावर 'रत्नागिरी' स्वच्छ दिसतं. पण स्क्रीन रीडर फॉन्टचा आकार पाहत नाही, तो साठवलेली अक्षरं वाचतो. त्याच्या लेखी तिथे रत्नागिरी नाहीच, आठ इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पुंजका आहे. अशी सबंध बातमी ऐकायची म्हणजे तासभर निरर्थक अक्षरं ऐकायची. श्रीलिपीसारख्या इतर प्रणालींचे जुने फॉन्टही याच तत्त्वावर बांधलेले होते, आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी.

आज संकेतस्थळावरच्या बातम्या युनिकोडमध्ये असतात, पण छापील अंकाची पानं अनेक ठिकाणी अजूनही जुन्या फॉन्टमध्ये लागतात. त्यांची पीडीएफ काढली की आतला मजकूर तोच पुंजका असतो. पानाचं चित्र करून ई-पेपर म्हणून चढवलं, तर पुंजकाही उरत नाही, नुसतं चित्र उरतं. तालुक्याच्या पानावरच्या लहान बातम्या, सूचना, निधनवार्ता, जाहीर नोटिसा, निविदा हे बऱ्याचदा फक्त त्या ई-पेपरमध्ये असतं. गावातल्या कुणाचं तेरावं कधी आहे किंवा कुणाच्या जमिनीची नोटीस लागली आहे, हे दृष्टिहीन माणसाला म्हणूनच दुसऱ्याच्या तोंडून कळतं.

या एका बाबतीत रत्नागिरीसारख्या ठिकाणची लहान पोर्टलं मोठ्या वृत्तपत्रांच्या पुढे आहेत. एकदोन माणसांवर चालणारं पोर्टल मोबाईलवरच टंकतं, थेट युनिकोडमध्ये, आणि बहुधा वर्डप्रेसवर चढवतं. जुन्या फॉन्टचं ओझं त्याच्या डोक्यावर नाही. त्याचं घोडं अडतं ते दुसरीकडे. इंग्रजी संकेतस्थळासाठी बनवलेला तयार साचा उचललेला असतो, आणि त्या साच्यात 'हे पान इंग्रजीत आहे' अशी नोंद राहून गेलेली असते. वाचकाला ती दिसत नाही, पण स्क्रीन रीडर कोणता आवाज लावायचा हे त्या नोंदीवरून ठरवतो. मग फोनप्रमाणे निकाल बदलतो. कुठे मराठी ओळी गाळल्या जातात, कुठे त्या हिंदी वळणाने वाचल्या जातात आणि 'चिपळूण' ओळखूही येत नाही. दुरुस्ती म्हणजे सेटिंगमध्ये भाषा मराठी करणं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कधीतरी एकदाच करायचं आहे.

लिहिण्याच्या सवयीही पाहाव्या लागतात. 'ता.' म्हणजे तालुकाही आणि तारीखही. 'ता. २२' आणि 'ता. लांजा' यांतला फरक डोळ्याला लगेच कळतो, कानाला दोन्हीकडे नुसतं 'ता' ऐकू येतं. 'सा.', 'वा.', 'जि.प.' हेही तसंच. कागदावर जागा वाचवण्यासाठी ही काटछाट सुरू झाली. संकेतस्थळावर जागेची टंचाई नाही, तिथे 'तालुका' आणि 'सायंकाळी' पूर्ण लिहायला हरकत नसावी.

छायाचित्राला पर्यायी मजकूर द्यायचा, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना नियम. वर्डप्रेसमध्ये फोटो चढवताना त्यासाठी वेगळी चौकट असते आणि ती बहुतेक वेळा रिकामी राहते. भरली तरी 'चिपळूण पूर' एवढंच भरलं जातं. हे दोन शब्द मथळ्यात आधीच येऊन गेलेले असतात. त्याऐवजी 'बाजारपेठेत कमरेएवढ्या पाण्यातून दोरीला धरून एका रांगेत चालणारी माणसं, मागे दुकानांच्या पाट्यांपर्यंत चढलेलं पाणी' असं लिहिलं, तर ऐकणाऱ्याला ते दिसतं. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या महापुराची छायाचित्रं देशभर पोचली ती त्यांत बातमी होती म्हणूनच. ती शब्दांत लिहिणं हे बातमीदारीचंच काम आहे, आणि जो तिथे उभा होता त्याच्याइतकं चांगलं ते कुणीच करू शकणार नाही.

तक्ते आणि नकाशे यांची गोष्ट थोडी वेगळी. पावसाळ्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांच्या पावसाचा तक्ता रोज येतो, तोही चित्र म्हणूनच. खरा तक्ता केला आणि रकान्यांना शीर्षकं दिली, तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याबरोबर 'लांजा, आजचा पाऊस, मिलिमीटर' असं सांगत जातो. हवामान विभागाचा इशारा हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत असतो. नकाशा टाकून 'जिल्ह्याची स्थिती पाहा' एवढंच लिहिलं, तर दृष्टिहीनाला काही कळत नाही, आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या रंगांध माणसालाही कळत नाही. 'रत्नागिरी जिल्ह्याला उद्या रेड अलर्ट' हे एक वाक्य नकाशाखाली असलंच पाहिजे.

तक्त्यावरून एक खटला आठवतो. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, आणि खेळांची सूची व निकालांचे तक्ते स्क्रीन रीडरला वाचता येत नव्हते. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. दुरुस्ती फार खर्चिक आहे, असा आयोजकांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट २०००मध्ये आयोगाने तो फेटाळला आणि स्पर्धेआधी सुधारणा करायला सांगितलं. ती पूर्ण झाली नाही, म्हणून वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मॅग्वायर यांना द्यावी लागली. संकेतस्थळाच्या सुगम्यतेवरचा हा जगातल्या सुरुवातीच्या निकालांपैकी एक.

बधिर वाचकांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना अक्षरं दिसतात, मग अडचण कसली, असं पुष्कळांना वाटतं. पण स्थानिक बातमी आता मोठ्या प्रमाणावर व्हिडिओत गेली आहे. बातमीदार पुलावर उभा राहून बोलतो, आणि खाली लेखी मजकूर दोन ओळींचा. व्हिडिओखाली बोललेले शब्द उमटले नाहीत, तर बधिर माणसाला फक्त हलणारे ओठ आणि पाणी दिसतं. यंत्राकडून आपोआप तयार होणाऱ्या ओळी कोकणातल्या गावांच्या आणि वाड्यांच्या नावांवर हमखास चुकतात, त्यामुळे त्या माणसाने एकदा तपासाव्या लागतात. शिवाय जन्मापासून बधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, मराठी ते नंतर शाळेत शिकतात. रत्नागिरीत अभ्यंकर मूकबधिर विद्यालय आहे, तिथले शिक्षक हे रोज अनुभवत असणार. 'धरणातून विसर्ग वाढवण्यात आल्याने नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्कता बाळगावी' हे वाक्य अशा वाचकाला जड जातं. 'धरणातून जास्त पाणी सोडलं आहे. नदीजवळ राहणाऱ्यांनी लगेच उंच जागी जावं' हे त्याला कळतं, आणि बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईलाही ते मुलाला वाचून दाखवता येतं. पुराचा भोंगा बधिर माणसाला ऐकू येत नाही, हे लक्षात घेतलं की लेखी सूचना किती मोलाची आहे ते कळेल.

मुंबईच्या बॅरियरब्रेक या कंपनीने 'न्यूझ हूक' या नावाने हे करून दाखवलं आहे. शिल्पी कपूर यांनी उभारलेली ही कंपनी सुगम्यतेच्याच कामात आहे आणि तिथे दिव्यांग कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. 'न्यूझ हूक'वर बातमी सोप्या इंग्रजीत असते आणि सांकेतिक भाषेतले व्हिडिओही असतात. मराठीत याच्या तोडीचं काही उभं राहायला हवं.

बाकीचे अडथळे यादीपुरते. पान उघडताच आपोआप सुरू होणारा व्हिडिओ स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढतो आणि मग दोन्ही ऐकू येत नाहीत. जाहिरातीची चौकट पडदा झाकते, आणि तिची फुली इतकी बारीक असते की थरथरत्या बोटाने जाहिरातच उघडते. काही साच्यांमध्ये बोटांनी पान मोठं करण्याची सोय बंद केलेली असते. हे तर अक्षम्य आहे, कारण क्षीण दृष्टीच्या वाचकाचं तेच मुख्य साधन. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, तिला इंग्रजीपेक्षा जास्त मोकळ्या ओळी हव्यात. 'ब्रेकिंग'ची लुकलुकती लाल पट्टी काही अपस्मारग्रस्तांना घातक ठरू शकते. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग पाहताना लाल-निळ्या झगमगाटाने ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

हे नियम डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. पहिले १९९९मध्ये आले, ताजी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ची. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक असावा, मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडू नये, सगळं काही नुसत्या कीबोर्डवर चालावं, अशी त्यांतली अनेक कलमं सहज तपासता येतात. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुख्य पानं तपासते. २०२५च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि सर्वाधिक आढळलेली चूक होती फिकट अक्षरांची. म्हणजे हे अपयश एकट्या मराठीचं नाही.

चुका झाकण्याचा एक बाजारही उभा राहिला आहे. पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह बसवा, एका बटणात संकेतस्थळ सुगम्य होईल, असं सांगून ही साधनं विकली जातात. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका कंपनीला, ॲक्सेसिबीला, दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले. ज्या फोटोला कुणी वर्णनच लिहिलेलं नाही, त्यातली बातमी बटण कुठून आणणार? लहान पोर्टलांनी यावर पैसे घालवू नयेत.

भारतात कायदा आहे, आणि तो कडक होत चालला आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ४२नुसार ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही बांधून घेतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात ठेवल्याबद्दल तो रद्द ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ला आणखी एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या. बँकेच्या ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवाव्या लागत, आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी दार बंद. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल मुख्यतः ओळखपडताळणीपुरता असला, तरी त्यातलं तत्त्व बातमीलाही लागू पडतं. पुराचा इशारा वेळेवर कळणं याहून जगण्याच्या जवळचं दुसरं काय असेल?

एखाद्या पोर्टलला सुरुवात करायची असेल, तर सगळं एकदम करण्याची गरज नाही. जुने हजारो फोटो राहू द्यावेत. आजपासून चढणाऱ्या प्रत्येक फोटोला एक वाक्य, प्रत्येक सरकारी पत्राचा मजकूर टंकलेला, प्रत्येक व्हिडिओखाली चार ओळींचा गोषवारा, एवढं ठरवलं तरी वर्षभरात संकेतस्थळ बदललेलं असेल. याचा फायदा डोळसांनाही आहे. घाटात रेंज एका काडीवर असते तेव्हा फोटो उघडत नाही, पण टंकलेला मजकूर येतो. आणि नंतर शोधायचं झालं तर शब्द सापडतात.

तपासणी मात्र वापरणाऱ्यांकडूनच करून घ्यावी. संपादकाने टॉकबॅक सुरू करून डोळे मिटून पाच मिनिटं आपलं पान चाळून पाहावं, त्यातून बरंच कळतं. पण रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ज्या चुका सापडतात, त्या नवख्याला सापडत नाहीत. जिल्ह्यात शिकलेले, संगणक येणारे दृष्टिहीन तरुण आहेत. महिन्यातून एकदा त्यांना संकेतस्थळ वापरायला द्यावं, एक बधिर वाचक आणि एक सत्तरीचा वाचकही सोबत घ्यावा, आणि या कामाचं मानधन द्यावं. समाजसेवा म्हणून फुकट राबवून घेऊ नये, कारण हे कौशल्याचं काम आहे आणि मुंबई-पुण्यात त्याला बाजारभाव आहे. संकेतस्थळावर एक क्रमांकही असावा, ज्यावर अडचण लिहून, बोलून किंवा सांकेतिक भाषेच्या व्हिडिओतून कळवता येईल, आणि ती कोण सोडवणार त्या माणसाचं नाव कार्यालयात आधीच ठरलेलं असावं.